२०० प्रती लेखिकेनेच विकत घ्यायच्या? पहिल्या पुस्तकाचा करार आणि मानधन याबद्दल माहिती हवी

गौरी_उदगीर
नमस्कार मंडळी. मी पतसंस्थेत नोकरी करते आणि कथा लिहिते. बऱ्याचशा कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. त्यांतल्या निवडक कथांचा संग्रह काढायचा आहे, साधारण २०० पानं होतील. एका प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आलं. कथा आवडल्याचं लिहिलंय, त्याचा आनंद आहेच. पण पुढच्या अटी अशा आहेत:

पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३०० रुपये. त्यांतल्या २०० प्रती लेखिकेने ४० टक्के सवलतीने घ्यायच्या आणि रक्कम छपाईआधी द्यायची. पहिल्या आवृत्तीवर मानधन नाही. 'पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.'

हे सगळीकडे असंच चालतं का? लेखकाच्या हातात नेमकं काय पडतं? घरचे म्हणतात, पैसे भर आणि मोकळी हो. माझं मन मात्र मानत नाही. प्रकाशकांचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

सातारी_कंदी
आधी अभिनंदन! पेढे माझ्याकडून. करार जाणकार बघतील.

आळशी_बोका
दिवाळी अंकांचं मानधन वेळेवर मिळालं का ते सांगा, मग पुढचं बोलू. :)

नाममात्र
ताई, गणित मांडून बघा. ३०० च्या पुस्तकावर ४० टक्के सवलत, म्हणजे १८० रुपयांना एक प्रत. २०० प्रतींचे ३६,००० रुपये झाले. ५०० प्रती छापायला प्रकाशकाला किती खर्च येतो, हे कुणी छपाईतलं सांगू शकेल का? त्यावरून कळेल की पुस्तकात पैसा कोणाचा लागलाय.

मुद्राराक्षस
सांगतो. माझा प्रेसचा धंदा आहे, वडिलांपासूनचा.

डेमी म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात १६ पानांचा एक फॉर्म, तो एका तावावर छापला जातो. २०० पानं म्हणजे साडेबारा फॉर्म. एका प्रतीला साडेबारा ताव लागतात, ५०० प्रतींना ६,२५० ताव, म्हणजे साडेबारा रीम (५०० तावांचा एक रीम). वर छपाईत आणि बाइंडिंगमध्ये वाया जाणारा कागद धरायचा. ७० जीएसएमचा बरा कागद, आत एकरंगी छपाई, चाररंगी लॅमिनेटेड मुखपृष्ठ आणि परफेक्ट बाइंडिंग (नुसत्या डिंकाची बांधणी) धरलं तर आमच्याकडे ५०० च्या आवृत्तीला एक प्रत ८० ते ९० रुपयांत पडते. १,००० काढल्या तर बरीच खाली येते, कारण प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच राहतो. शिलाई हवी असेल तर थोडे जास्त. मी तर शिलाईच करा म्हणेन. नुसत्या डिंकावरचं पुस्तक वाचनालयात वर्षभरात सुटं होतं.

८५ धरा. ५०० प्रतींचे ४२,५००.

नाममात्र
म्हणजे छपाईच्या ४२,५०० पैकी ३६,००० गौरीताईंच्या खिशातून, तेही आगाऊ. उरलेल्या ३०० प्रती प्रकाशकाने अवघ्या साडेसहा हजारांत मिळवल्या. मानधन शून्य आणि हक्कही त्यांचेच! याला मी प्रकाशन म्हणणार नाही.

शाईपेन
थांबा जरा. मी स्वतः छोटा प्रकाशक आहे. दरवेळी 'प्रकाशक लुटतो' एवढं बोलून चर्चा संपते, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तक म्हणजे फक्त छपाई नव्हे. अक्षरजुळणी, दोनदा मुद्रितशोधन, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं मानधन, संपादन करणारा कुणी असेल तर त्याचे पैसे, हे सगळं ८५ च्या बाहेर आहे. जुन्या फॉन्टमधलं हस्तलिखित युनिकोडमध्ये आणलं की जोडाक्षरं फुटतात, ती एकेक करून निस्तरावी लागतात. मग विक्री. वितरक ५० टक्के सवलत मागतो, कारण त्यातलीच ३०-३५ टक्के त्याला पुढे दुकानदाराला द्यायची असते. ३०० चे माझ्या हाती १५० आले. त्यातून छपाईचे ८५ गेले, लेखकाला १० टक्क्यांनी ३० गेले, उरले ३५. या ३५ मधून वर सांगितलेलं सगळं, शिवाय गोडाऊनचं भाडं, अभिप्रायाच्या प्रती आणि कुरिअर. आणि हे सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर! दुकानातून सहा महिन्यांनी परत येणारे गठ्ठे कोपरे दुमडलेले असतात, ते कोण घेतं? विकलेल्या मालाचे पैसे वर्षभराने येतात ते वेगळंच.

पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण कागदावर आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो १२ चा १८ टक्के झाला. आमच्या विक्रीवर करच नाही, त्यामुळे तो भरलेला कर वळता करून घेता येत नाही. सरळ किमतीत चढतो.

नवख्या लेखकाचा कथासंग्रह ५०० प्रती विकायला आज तीन-चार वर्षं लागतात. कथेची ही स्थिती, कवितेचं तर विचारूच नका. अशा वेळी काही प्रतींची हमी मागणं हा गुन्हा नाही. मात्र गौरीताईंना आलेलं पत्र मलाही पटलं नाही. पैसे घेतले तर हक्क मागू नयेत.

रानजाई
@शाईपेन, प्रांजळपणे लिहिलंत, बरं वाटलं. पण एक विचारते. चित्रकाराला पैसे आधी, कागदवाल्याला आधी, बाइंडरला माल उचलताना. मग ज्याच्यामुळे हे सगळं आहे त्या लेखकाचीच पाळी नेहमी शेवटी का? ३०० रुपयांत ३० लेखकाचे, म्हणजे ५०० प्रतींचे १५,०००. लिहायला लागलेल्या वर्षांचे १५,०००. तेही देताना हात आखडतात, याचा मला खरंच राग येतो.

शाईपेन
राग रास्त आहे. मी दरवर्षी जूनमध्ये हिशेब पाठवतो. विक्री १२ प्रतींची असली तरी पाठवतो.

आळशी_बोका
१२ प्रतींचा हिशेब पाठवणारा प्रकाशक! शाईपेनदादा, तुमचा पत्ता द्या, कादंबरी आजपासून लिहायला घेतो.

ग्रंथमित्र_कुडाळ
आमचं तालुक्याचं वाचनालय आहे, मी कार्यकारिणीत आहे. मराठी पुस्तकांचा मोठा ग्राहक दुकानातला वाचक नसून वाचनालय आहे, हे लेखकांनी लक्षात घ्यायला हवं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गातली हजारो वाचनालयं राज्यात आहेत आणि अनुदानाचा ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो. आता खरी मेख ऐका. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी घाईघाईत उरकते. विक्रेता गाडी भरून पुस्तकं आणतो, आणि जो जास्त सवलत देईल त्याचा गठ्ठा उचलला जातो. त्यात चांगली पुस्तकं मागे राहतात. भरमसाट किंमत छापून भरमसाट सवलत देणारी फुगवलेली पुस्तकं पुढे जातात.

आमच्याकडे आम्ही वाचकांकडून यादी मागवतो आणि त्यावरूनच खरेदी करतो. गौरीताई, करार करताना विचाराच: ग्रंथालय खरेदीसाठी तुम्ही पुस्तक कुठे कुठे पाठवणार? त्याचं उत्तर नीट आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

मेलबर्नकर
इथे मराठी पुस्तक मागवायचं तर पोस्टाचा खर्च पुस्तकाहून जास्त होतो. दरवेळी भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत दोन किलोची जागा मागतो. ई-पुस्तक असेल तर त्याच रात्री घेऊन वाचायला सुरुवात करतो. संग्रहाचं ई-पुस्तक काढा, निदान दोन गिऱ्हाइकं इथे पक्की!

पाटी_पेन्सिल
@मेलबर्नकर, ई-पुस्तकाबद्दल थोडं. माझ्या बालकथा मी स्वतःच किंडलवर टाकल्या आहेत. डिसेंबर २०१६ पासून तिथे मराठी चालतं. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक किंडलच्याच 'केडीपी सिलेक्ट' या योजनेत घालावं लागतं, म्हणजे त्या मुदतीत ते ई-रूपात दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. शिवाय फाइलच्या वजनानुसार एमबीमागे ७ रुपये कापले जातात. माझी चित्रांची पुस्तकं असल्यामुळे ती कात्री चांगलीच लागते. कथासंग्रहाला, म्हणजे नुसत्या मजकुराला, फरक नगण्य.

टक्केवारी मोठी दिसते, पण मराठी ई-पुस्तकाची किंमत सहसा कमीच ठेवावी लागते. मुख्य म्हणजे वाचकाला तुमचं पुस्तक तिथे आहे हे सांगणारं कुणी नसतं. ते काम तुम्हालाच रोज करावं लागतं.

कायदेकानू
मूळ मुद्दा 'सर्व हक्क' हा आहे. त्यावर इथे कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहितो.

लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा तरी वाचावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर स्वस्थ बसला, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते हक्क आपोआप लेखकाकडे परत येतात. 'पुढच्या महिन्यात छापतो' म्हणत वर्षानुवर्षं हस्तलिखित दाबून ठेवलेले लेखक मी पाहिले आहेत. हे एक पोटकलम त्यांना माहीत असतं तर त्यांनी कधीच ते दुसरीकडे दिलं असतं.

२०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट आली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत.

म्हणून 'सर्व हक्क' कधीच नाही. मराठी छापील पुस्तकाचे हक्क, पाच वर्षांसाठी किंवा पहिल्या आवृत्तीपुरते, एवढंच. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाटक, सिनेमा हे प्रत्येक वेगळं लिहायचं आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा ठरवायचा. कथा कुणाला कधी आवडेल आणि त्यावर काय होईल, सांगता येत नाही.

दुभाषी
+१. अनुवादकांनी तर हे भिंतीवर लावून ठेवावं. मी इंग्रजीतून आणि कन्नडमधून अनुवाद करते. आमच्याकडे बहुतेक वेळा पानामागे दर ठरवून एकरकमी पैसे देतात आणि विषय संपला. पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघोत, अनुवादकाला पुढे काही नाही. एका पुस्तकाच्या वेळी मी अडून बसले: पानाचा दर थोडा कमी द्या, पण दुसऱ्या आवृत्तीपासून ५ टक्के द्या. त्यांनी कुरकुर केली आणि दिले. आज ते ५ टक्के दरवर्षी येतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, एवढं मात्र खरं.

पुस्तकवारी
या निमित्ताने हिंदीतलं एक ताजं उदाहरण. विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ साली आपल्या पुस्तकांच्या तुटपुंज्या मानधनाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती आणि हिंदीत त्यावर मोठा वाद झाला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरला एका दुसऱ्या, तरुण प्रकाशकाने त्यांना एका कादंबरीच्या सहा महिन्यांच्या विक्रीपोटी ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. ही कादंबरी नवी नव्हे, १९९९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. लेखकाचं वय तेव्हा ८८. पुस्तक तेच, लेखक तोच. प्रकाशकाने ते वाचकापर्यंत नेलं आणि हिशेब चोख ठेवला.

शाईपेन
उदाहरण मोठं आहे, आनंदाचंही आहे. त्यांना त्याच वर्षी ज्ञानपीठ जाहीर झालं होतं आणि हिंदीचा वाचकवर्ग केवढा, हेही धरा. पण हिशेबाचा मुद्दा मान्य.

नाममात्र
मराठीत उलट बाजूचंही बघा. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं सर्वांसाठी खुली झाली. कोणत्याही पुस्तक प्रदर्शनात बघा, गुरुजींच्या एकेका पुस्तकाच्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. खप असलेलं पुस्तक छापायला कुणी लेखकाकडे २०० प्रतींचे पैसे मागत नाही. म्हणजे धोका पत्करायची तयारी नवीन लेखनासाठीच कमी पडते.

सातारी_कंदी
विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. फुकट प्रती मागणाऱ्या नातेवाइकांवर काय उपाय? माझ्या भावाचं प्रवासवर्णन निघालं. लग्नात १,००१ चं पाकीट देणारा मामा २५० चं पुस्तक विकत घ्यायला तयार नाही. 'घरचंच आहे ना, दे की एक' म्हणतो.

रानजाई
अगदी! आणि वर 'सही करून दे' म्हणतात. माझी बहीण एक युक्ती करते: सही फक्त विकत घेतलेल्या प्रतीवर.

मुद्राराक्षस
प्रकाशन समारंभात टेबल दाराजवळ लावा आणि टेबलावर बोलक्या माणसाला बसवा. लेखकाने तिकडे फिरकू नये, तो संकोचाने सगळं वाटून टाकतो.

बीडची_वाचक
मला पीडीएफबद्दल बोलायचंय. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज कुणीतरी नव्या पुस्तकाची पीडीएफ टाकतं आणि खाली वीस जण हात जोडून धन्यवाद देतात. त्यातले शिक्षकही असतात. मी दरवेळी लिहिते की ही चोरी आहे, आणि दरवेळी मलाच गर्विष्ठ ठरवतात. इथलं ३० रुपयांचं गणित मी त्या गटावर टाकू का? निदान लेखकाचं काय जातं ते तरी कळेल.

नाममात्र
जरूर टाका.

आकडेमोड
करांबद्दल दोन गोष्टी सांगतो, लेखकांना सहसा कुणी सांगत नाही. एका वर्षात एका प्रकाशकाकडून ५०,००० च्या वर मानधन मिळालं तर तो १० टक्के टीडीएस, म्हणजे कर आधीच कापतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. दुसरं, जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या लेखकाला १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०क्यूक्यूबी खाली पुस्तकांच्या मानधनावर ३ लाखांपर्यंत वजावट मिळत आली आहे. साहित्य, कला, विज्ञान या विषयांची पुस्तकं त्यात येतात. शालेय पाठ्यपुस्तकं, गाइडं, डायऱ्या येत नाहीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, म्हणून निवड करताना बघून घ्या.

सातारी_कंदी
३ लाखांचं मानधन मिळवणाऱ्या कथालेखकाला मी स्वतः हार घालायला येईन.

ओवी_नाशिक
गौरीताई, तिसरा रस्ता सांगते. मी माझं पुस्तक स्वतः काढलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळवायला पैसे लागत नाहीत. राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही अर्ज करता येतो. त्याचे हजारो रुपये मागणारे दलाल आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अनुदानही असतं, त्यांची जाहिरात आली की अर्ज करा.

मी ३०० प्रती काढल्या, प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेतली आणि छपाईचा बराच खर्च तिथेच निघाला. घरून पाठवते. पोस्टाने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपये अधिक करात जातं. तुमचं २०० पानांचं डेमी पुस्तक त्या वजनात बसावं, फक्त जाड पुठ्ठ्याचं पाकीट घेऊ नका. दुकानात मात्र माझं पुस्तक फारसं नाही. एका लेखकाच्या एका पुस्तकासाठी वितरक खातं उघडत नाहीत. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर पाकिटं चिकटवायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

ग्रंथमित्र_कुडाळ
ओवीताई, तुमच्या पुस्तकाचं नाव विपूत (विचारपूस पानावर) कळवा. वाचनालयासाठी दोन प्रती घेऊ, पूर्ण किमतीत.

ओवी_नाशिक
कळवलं. मनापासून आभार!

गौरी_उदगीर
सगळं नीट वाचून काढलं, नाममात्र यांचं गणित घरच्यांनाही दाखवलं. मग प्रकाशकांना फोन केला. आवाज कापत होता, पण बोलले. २०० नाही, ५० प्रती घेईन आणि पुस्तक हातात आल्यावर पैसे देईन. उरलेल्या विकलेल्या प्रतींवर पहिल्यापासून १० टक्के मानधन हवं. हक्क फक्त छापील मराठी आवृत्तीचे, पाच वर्षांसाठी. दरवर्षी लेखी हिशेब.

ते आधी नाराज झाले, 'तुम्हाला कुणीतरी शिकवलंय' म्हणाले. मी म्हटलं, हो, शिकवलंय. मग म्हणाले, १०० प्रती घ्या, बाकीचं मान्य करतो, पण मानधन ३०० प्रती विकल्या गेल्यानंतर. अजून होकार दिलेला नाही. काय करू?

शाईपेन
त्या ३०० मध्ये तुमच्या १०० धरल्या आहेत का, ते आधी विचारा. धरल्या असतील तर मधला मार्ग वाईट नाही. नसतील तर ५०० च्या आवृत्तीत मानधन फक्त शेवटच्या १०० प्रतींवर उरतं, म्हणजे ३,००० रुपये. आणि आवृत्ती किती प्रतींची हे करारात आकड्यात लिहून घ्या. काही जण ३०० छापून 'पहिली आवृत्ती' म्हणतात आणि तीनदा पहिलीच आवृत्ती छापतात.

कायदेकानू
आणि एक ओळ घाला: पुस्तक वर्षभर अनुपलब्ध राहिलं आणि लेखी मागणी करूनही पुन्हा छापलं नाही, तर हक्क लेखिकेकडे परत.

रानजाई
मी असते तर ओवीताईंच्या वाटेने गेले असते. पण १०० प्रती तुम्ही खरंच विकू शकणार असाल तर या प्रकाशकांना एक संधी द्यायला हरकत नाही. फोनवर 'हो, शिकवलंय' म्हणालात, ते फार आवडलं.

गौरी_उदगीर
@शाईपेन, विचारलं. माझ्या १०० त्यात धरल्या नव्हत्या! आता धरतो म्हणाले. करार लेखी येईल तेव्हा नावं झाकून मजकूर इथे टाकते, सही त्यानंतरच.

मुद्राराक्षस
छपाईला जाण्याआधी शेवटचं प्रूफ स्वतः कागदावर वाचा, स्क्रीनवर नको. आणि पुस्तकाच्या कण्यावर नाव आलंय का ते बघा. कपाटात उभं ठेवल्यावर तेवढंच दिसतं.

अबोली_फोंडा
हाच हिशेब कवितासंग्रहाला लागू होतो का? माझा ८० पानांचा आहे.

मुद्राराक्षस
८० पानं म्हणजे पाच फॉर्म, छपाई स्वस्त. विक्रीबद्दल शाईपेनदादा वर बोललेच आहेत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो.